आदी त्यो पंखा बंद करा

न्हाय न्हाय न्हाय, पंखा न्हाय! आदी त्यो पंखा बंद करा! ओ ताई, बटन तितं हाय, दाराच्या मागं... ते न्हाय, त्याच्या शेजारचं... हां, दाबा. बास. आता बसा निवांत. उकडलालंय? उकडू द्या की! सोलापुरात येऊन उकडलं म्हणून कोण मेलंय का आजपातूर? चादरी दावतो, टॉवेल दावतो, धुऊन धुऊन तुमी दमाल पण रंग जायचा न्हाय असला माल दावतो, पण ह्या दुकानात वाऱ्याचं नाव काढायचं न्हाय. आन् त्यो गल्ल्यावर फोन हाय न्हवं, उताना ठिवलेला, त्याला कुणी हात लावू नका, हाय तसाच राहू द्या, का ते इचारू नका, माजं डोस्कं आदीच फिरलंय. वारं! आवो देवानं हवा केली, उपकार केलं, माणसाला दम घ्यायला पायजे, पण त्या हवंला पळायला कुणी सांगितलं हुतं? बसायचं की गप एका जागंला!

तुमी म्हणाल, ह्या चादरीवाल्याचं आन् वाऱ्याचं काय वाकडं हाय? आता इचारलंच हाय तर आईका. मी सिदू. हितं भवानी पेठेत दुकान हाय, पण मूळचा मी मेंढरावाल्याचा पोरगा. मंगळवेढ्याच्या पुढं आमचं गाव. गाव म्हंजे काय, दगड, बाभळी आन् माळ. झाड लावलं तर झाड वाकडं येतं एवढं वारं. त्या माळावर माजा आप्पा, जोतिराम, जन्मभर मेंढरं राखलालाय. आन् माज्या आप्पाची हाक... काय सांगू तुमाला! आदी घशात कायतरी घुमल्यागत व्हायचं, मग जिभंवर 'हिर्रर्रर्र', आन् मग त्यो लांबडा 'होऽऽऽ... ये ये येऽऽ'. त्या टेकडापातूर जायची बगा. चरलालेली मेंढरं मुंडी वर करायची आन् लोंढा आल्यागत घराकडं वळायची. माजी आई, फुलाबाई, म्हणती, 'लगीन हून आल्यावर म्या पयल्यांदा ह्येची हाक आईकली तवा तव्यावरची भाकर तशीच टाकून मीच दारात पळत आलते की रं.' अशी हाक!

आन् त्या गळ्यात निगाली गाट.

बिडीनं केला घात, दुसरं काय. सोलापूरच्या मोट्या डाक्टरला दावलं. डाक्टर म्हणले, 'बघा, स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल, माणूस राहील.' आता ह्यात इचार करण्यासारखं काय हाय का? तुमी सांगा! माणूस राहतोय न्हवं? मग काढा की! पण आमचा आप्पा. खुर्चीत उकिडवा बसलाय, मुंडासं मांडीवर, आन् डाक्टरला इचारतोय, 'आन् मग मेंढरं कोण बलवणार?' डाक्टरच्या तोंडाकडं मी बगतोय, माज्या तोंडाकडं डाक्टर बगलालाय. म्हणलं, 'आप्पा, मेंढरं इकून टाकू.' तर म्हणला, 'तुला इकू का आदी?' भर दवाखान्यात! म्हणलं, 'आरं, गाट हाय ती, थांबणार न्हाय.' म्हणला, 'थांबवीन की. तू माजा आवाज भरून घे आदी. मेंढरांला माजा आवाज राहिला म्हंजे बास, मग गळा काप म्हणावं, मुंडकं काप म्हणावं, मी न्हाय म्हणलो तर सांग.'

आता तुमी म्हणणार, त्यात काय एवढं, खिशात फोन हाय, घरात बसवायचं, दार लावायचं, हाक मारायला लावायची, भरून घ्यायची, चला दवाखान्यात. म्हणणार का न्हाय? मी बी म्हणलो! तर आप्पा असा उटला अंगावर, असा उटला! 'छपराखाली खांडाची, मेंढरांच्या कळपाची हाक मारायची? आरं तुला काय रीत हाय का न्हाय? छपराखाली हाक दिली तर खांड घर सोडून जातं!' मग म्हणलं, बाहेर अंगणात मार. 'समोर मेंढरं नसताना? रिकामी हाक वाया जाती, मग खरं बलवायच्या टायमाला ती लागू पडत न्हाय.' म्हंजे कसं? तर हाक माळावरच, मेंढरं समोर असतानाच, सांजच्याला घराकडं वळवायच्याच येळंला, चालता चालता, खांद्यावर घोंगडं, हातात काटी. दिवसाला हाक एक. चुकली तर उद्या या! असली रीत कुणी पाडली त्यो मला एकदा भेटायला पायजे. बाकीचं मी बगतो.

आन् महिना कुटला? आखाड! आखाडातलं वारं तुमी आमच्या माळावर बगितलंय का? माणसाच्या तोंडातला शब्द पुढच्या गावात पडतो! फोन आप्पाच्या खिशात घालून बगितला, सगळी खसखस. हातात धरून मागनं पळालो, तर नुसतं भूऽऽऽ. मग घरात कोण शहाणी? आमची पूनम, मंडळी आमची. म्हणती, 'आवो, आमच्या कुमारकडं ॲक्शन कॅमेरा हाय की! छातीला बांदायचा, हात मोकळं!' कुमार म्हंजे माजा मेव्हणा. मोटारसायकलवर लडाखला जाऊन आलाय, आन् तवापासनं त्याचं हरेक बोलणं लडाखपासनं सुरू. 'दाजी, टेन्शन घेऊ नका. लडाखला आमी ह्येच्यावरच सगळं शूट केलं. तिथलं वारं काय, तुमचं वारं काय!' माज्या वाऱ्याला नाव ठिवतो! बरं, दिला कॅमेरा. काड्याच्या पेटीएवढा डबा. त्याला वरनं आणिक एक काचंसारखी पेटी, पाणी जाऊ न्हाय, धूळ जाऊ न्हाय. 'दाजी, पेटी काढू नका हां, माळावर धूळ असती.'

दुकानाला कुलूप लावलं आन् गावाकडं मुक्काम ठोकला. पयला दिवस. आप्पाच्या छातीला पट्टा बांदला. आप्पा पट्ट्याकडं बगतो, माज्याकडं बगतो, 'बैलाला झूल घातल्यागत काय हे?' म्हणलं, गप, हाक मार. सांजंला मारली हाक. अशी मारली, माज्या अंगावर काटा आला. पळत जाऊन डबा सोडला, लावून आईकलं... आप्पा रांजणात पडलाय! बुडबुडबुड, बुडबुडबुड! आवो त्या पेटीत पाणी जात न्हाय तसा आवाज बी जात न्हाय की! माईकच्या तोंडावर झाकण! कुमारला फोन लावला, तर म्हणतो कसा, 'अय्यो दाजी, आवाज पायजे हुता व्हय? मग पेटी काढायची की!' आवाज पायजे हुता व्हय! असा राग आला... तितनंच शिव्या सुरू केल्या, कॅमेऱ्याला, कुमारला, त्या पेटीला, आन् तसाच तरातरा घराकडं निगालो. माज्या मागं आप्पा. आप्पाच्या मागं मेंढरं.

दुसऱ्या दिवशी पेटी काढली. हाक मारली. लावून आईकलं... आन् काय? वारं! नुसतं घुर्रर्रर्र! जणू आप्पाच्या छातीवर कुणीतरी गिरणी चालू केलीय. मदनंच एक 'हि' आईकू येतो, मग गिरणी, मग लांबनं 'ये', मग गिरणी. ह्येच्यावर मेंढरू येईल का? दळण घिऊन बाई येईल! परत फोन. 'दाजी, सेटिंगमदी जावा. वारं कमी करायचं बटन असतं तितं. लडाखला आमी...' गेलो सेटिंगमदी. बटन हाय, खरं हाय, दाबलं. तिसऱ्या दिवशी वारं कमी आलं, पण त्याच्यासंगं आप्पा बी कमी आला! जाडा आवाज सगळा वाऱ्यात धरून कापून टाकला आन् राहिलं काय, तर एक डास. 'हिंऽऽऽ... यीं यीं यींऽऽ'. आप्पाला कानाला लावून आईकवलं. त्यो म्हणला, 'ह्यो कोण चावायला आलाय?' शिव्या देत मी पुढं, मागं आप्पा, त्येच्या मागं मेंढरं.

मग गावातला बसू आला. बसू मांडववाला, लग्नात माईक, स्पीकर त्येचंच. त्यानं कॅमेरा हातात घेतला, असा उलटा केला, असा सुलटा केला, कानाशी धरून हलवला, नारळ हाय का त्यो? आन् म्हणला, 'सिदू, तुजा माईक उगडा हाय बे. उगडं लेकरू वाऱ्यात फिरवलालास, त्येला थंडी वाजणारच की! टोपडं घाल.' पटलं मला. गादी फाडली. व्हय, घरातली चांगली गादी! आई वरडली, 'आरं पावण्याची गादी हाय ती!' म्हणलं, पावण्याला चटई दे. स्पंज काढून कॅमेरा गुंडाळला, चारी बाजूनं, निस्ती पुढची काच उगडी ठिवली. वाटलं, आता बग वाऱ्या, ये! वारं आलंच न्हाय. आवाज बी आला न्हाय. काय बी आलं न्हाय! त्यो डबा गादीत घालून उन्हात धरल्यावर तापला आन् आप्पाच्या हाकंच्या ऐन येळंला गप बंद पडला. आप्पा माळावर गळा फाडून वरडलालाय आन् छातीवर त्यो भाड्या झोपलाय, गादीत! हातात दगड घेतलता मी. कुमारचा नसता तर त्याच दिवशी त्येचं तेरावं घातलं असतं. आन् शिव्या तर अशा दिल्या त्या दिवशी, पार घराच्या दारापातूर सरल्या न्हाईत. मागनं गुमान आप्पा, मागनं गुमान मेंढरं.

हसू नका. तुमाला हसू येलालंय, मला डाक्टरचा फोन येलालता. 'अहो, पेशंटला कधी आणताय? तुमी थांबाल, गाठ थांबणार नाही.' आता काय सांगू त्यांना? वारं थांबलं की येतो? रोज सकाळी आप्पाचा आवाज जरा जरा बसायला लागलता. भाकरीचा घास गिळताना डोळं मिटायचा, आन् आमी बगलालोय म्हणल्यावर उगंच खोकल्याचं सोंग घ्यायचा. मी कुणावर चिडू? वाऱ्यावर चिडलो, कॅमेऱ्यावर चिडलो, रातंदिवस वरडत हुतो, घरात सगळी म्हणायची सिदूचं डोस्कं फिरलंय. डोस्कं न्हवतं फिरलं ओ. भ्या वाटलालतं मला. माजा आप्पा मरतोय की काय ह्येचं भ्या.

मग रात्रं... न्हाय, दुपारीच, बसलो फोन घिऊन, व्हिडिओ बगायला. एक गडी बंद खोलीत, पांढऱ्या भिताडापुढं, पंख्याशिवाय, गार बसून सांगतोय, 'मित्रांनो, वाऱ्याकडे पाठ करून बोला.' आरं तुला काय जातं सांगायला! तुज्या खोलीत डास तरी उडतो का? तरी आप्पाला म्हणलं, वाऱ्याकडं पाट कर. आप्पा म्हणला, 'मेंढरू वाऱ्याला तोंड करून चरतं. ती तिकडं, मी हिकडं तोंड करून हाक कुणाला मारू, तुज्या डब्याला?' आन् त्याच व्हिडिओच्या खाली कुमारच्या लडाखचा व्हिडिओ आला वर. लावला. म्हणलं बगू तरी, लडाखला ह्येनी वारं कसं दाबलं. डोंगर हाय, रस्ता हाय, कुमार तोंड हलवलालाय, आन् आवाज? गाणं! सुरू हुतं तितपासनं सरंपातूर गाणं! आवो त्येला बी वारंच आलतं, म्हणून आवाज काढून त्यानं वरनं गाणं टाकलंय! सोलापुरात पूनमला फोन करून सांगितलं, 'तुजा भाऊ मुका गेला लडाखला आन् मुका परत आला.' तिनं फोनच आपटला. म्हायेरचं नाव काढलं न्हवं!

मग कुमारला जरा लाज वाटली, म्हणा. कॉलरचा माईक आणून दिला, कॅमेऱ्यात घालायची वेगळी पिन आणली, दोन्हीच्या मदी लांबडी वायर. म्हणला, 'दाजी, माईक तोंडाजवळ आला की निम्मं काम झालं.' आन् झालं की ओ! पयल्यांदा आप्पाचा आवाज जाडा आला, जवळ आला, माणसाचा आला. पण आमच्या खांडात एक नागव्वा हाय. मेंढी. पुढारी मेंढी. आप्पाच्या आत्त्याचं नाव ठिवलंय तिला, कारण तोंड बी तसंच आन् खोड्या बी तशाच. ही नागव्वा आप्पाच्या अंगाला अंग लावून चाललालती. हाक अर्दी झाली, 'होऽऽऽ' आलं, 'ये' आलं आन् मग कर्रम... कर्रम... कर्रम. वायर खाल्ली! वायर! हिरवं गवात पुढं हाय, शेंगा पुढं हाईत, आन् हिनं सोलापूरसनं आणलेली वायर खाल्ली! तिला काय बोललो ते तुमच्यापुढं सांगत न्हाय, बायामाणसं बसल्याती. पण ती बी काय कमी न्हाय, शिव्या खात खात माज्याच मागनं चालत आली घराला, तोंडातनं वायरीचा तुकडा लोंबलालाय!

दुसरी वायर आणली. माईकवर वारं बसू न्हाय म्हणून एक केसाळ टोपी मिळती म्हणं, केसाळ उंदरागत दिसती, ती माईकला घातली की वारं केसात अडकतं आन् आवाज तेवडा आत जातो. मागवायला फोन काढला. गावाचं नाव टाकलं. म्हणतंय, तुमच्या गावाला आमी येत न्हाय. म्हंजे वारं येतं, गाट येती, ही टोपी तेवडी येत न्हाय! फोन खाली ठिवला, वर बगितलं, तर समोर नुसतं केस चरलालेत! आवो, माज्या दारात एवढ्या केसाळ टोप्या पाय लावून फिरलालेत आन् मी टोपी इकत मागवलालोय! असा हात मारला कपाळावर. कातरणीतली कोकराची मऊ लोकर काढली, आईला म्हणलं शिव पिशवी. तिनं शिवली, वर म्हणती, 'माईकला कुंची शिवलाली मी. नातवाला शिवायची हाऊस हुती, आता माईकला शिवते.' टोमणा! अशा येळंला बी टोमणा!

माईकला कुंची घातली, आप्पाच्या घोंगड्याच्या घडीत असा आडोशाला टाचला, कापड घासू न्हाय म्हणून दाभणानं टाका मारला. आवाज घ्यायचा त्येचा जोर कमी करून ठिवला, का तर आप्पा वरडला की आवाज फाटतो, ते बी तवर मला कळलं हुतं. नागव्वाला बाभळीला बांदली. वायर माज्या हातात, कॅमेरा माज्या हातात, आप्पा पुढं, मी मागं वाकून. सांज झाली. वारं तर असं सुटलं हुतं की मुंडासं धरावं लागलालतं. आप्पा थांबला. गळ्यावर हात ठिवला. दुखलालतं त्येला, मला कळलं. आन् मग घुमलं, 'हिर्रर्रर्र... होऽऽऽ... ये ये येऽऽ...'

लावून आईकलं.

वारं न्हाय! आवो वारं न्हाय! निस्ता आप्पा! लांबनं कुटंतरी मेंढरांच्या खुरांचा आवाज आन् मदी आप्पा! मी त्येच्या कानात घातलं. जन्मात कदी त्यानं सोताची हाक आईकली न्हवती. डोळं बारीक करून आईकला. म्हणला, 'ह्यो मी?' म्हणलं, व्हय. म्हणला, 'म्हातारा झालाय की रं ह्यो.' आन् मग म्हणला, 'चल. कुटं कापायचं ते काप म्हणावं.' मी काय केलं आसंल? आनंदानं नाचलो आसंल? मला येतंय काय दुसरं? त्या आनंदात बी शिव्याच दिल्या! कॅमेऱ्याला दिल्या, वाऱ्याला दिल्या, 'आता ये की भाड्या, आता का आला न्हाईस' करत पार घरापातूर. आन् गडबडीत कॅमेरा परत चालू झालाय ह्येचं बी भान न्हाय.

आपरेशन झालं. डाक्टर म्हणले, चांगलं झालं. माणूस राहिला. आवाज गेला. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. घरी आणला, जरा हिंडाफिरायला लागला तसा माळावर जायचं म्हणून खुणा करायला लागला. गेलो. बसूनं एक बारका स्पीकर बाभळीला बांदून दिला, कॅमेऱ्यातलं सगळं माज्या फोनमदी उतरवलं हुतं, त्यो फोन त्याला जोडला. सगळं गाव आलतं बगायला, कुमार बी आलता, 'लडाखला आमी' म्हणायच्या तयारीत. सांज झाली. आप्पानं मान हलवली. मी लावलं.

'हिर्रर्रर्र... होऽऽऽ... ये ये येऽऽ...'

मेंढरांनी मुंड्या वर केल्या. नागव्वा पुढं आली. स्पीकरपाशी गेली, वास घेतला. मग आप्पाकडं आली, त्येच्या तोंडाकडं बगितलं. आप्पाचं तोंड बंद. तिनं परत स्पीकरकडं बगितलं, परत आप्पाकडं बगितलं... आन् खाली मुंडी घालून चरायला लागली. तिचं बगून बाकीची बी लागली. एक हललं न्हाय. एक सुदिक! आन् माज्या आप्पाचं तोंड मला बगवंना. ज्या हाकंसाठी गळ्यातली गाट वाढू दिली, ती हाक मेंढराला कामाची न्हाय. मी फोनकडं हात नेला बंद करायला, आन् तवर पुढचं लागलं. स्पीकरवर मी! 'च्यायला तुज्या वाऱ्याच्या! आता ये की भाड्या! महिनाभर जीव खाल्लास माजा, आता का तोंड काळं केलंस...'

तुमाला सांगतो, सगळं खांड वळलं. सगळं! नागव्वा म्होरं, बाकीची मागं, कोकरं उड्या मारत, घराच्या वाटंला! स्पीकर मागं माळावर शिव्या देतोय आन् मेंढरं पुढं घराला चाललीत! आवो, बरोबर हाय की त्येंचं! आखाडभर त्येंनी रोज काय बगितलं? सांजंला ह्यो गडी वरडतो, तरातरा निगतो आन् घर येतं! त्येंच्या हिशोबी हाक तीच! आप्पानं एक हाक मारली आसंल, पण घरापातूर घसा मीच फोडलालतो न्हवं?

आप्पा खाली बसला. मला वाटलं, घेरी आली. पळत गेलो. तर त्येचं खांदं हललालेत, डोळ्यातनं पाणी गळलालंय, पोट धरलंय आन् आवाज न्हाय. हसलालता ओ! बिनआवाजाचा हसलालता! 'आप्पा, तुजी हाक वाया गेली की' म्हणलं, तर त्यानं माज्याकडं बोट केलं आन् परत हसायला लागला. ती हाक आता आईनं फोनमदी घालून घेतलीय. जेवायची येळ झाली की दारात जाऊन लावते. दारात हां, छपराखाली न्हाय, रीत हाय. मेंढरं न्हाय येत त्येला. आप्पा येतो. हात धुतो आन् ताटावर बसतो.

पण माजं काय? मेंढरांचं काय? दोन आठवडं त्याच शिव्या लावल्या, मग मेंढरांनी कान द्यायचं सोडलं. शिळ्या झाल्या! नागव्वा तर म्हणं शिवीच्या आदीच तोंड फिरवायची, पाट झालतं तिला. त्येंना रोज ताज्या लागतात! आन् ताजा राग रोज कुटनं आणायचा? उगंच दिलेल्या शिवीला ती हलत न्हाईत, आतनं यायला लागती, वळखतात ती! मग बसूनं काय डोस्कं चालवलं, तर स्पीकरला आईचा फोन जोडून दिला. ती तिकडनं फोन लावते, आन् हितं मी दुकानात... छपराखाली? चालतंय की, हाकंला रीत हाय, शिवीला कुटली रीत? तर म्हणून मी काय करतो, सांजंला गिऱ्हाईक आलं की बसवतो, दार ओडतो, पंखा बंद करायला लावतो, आन् हे सगळं पयल्यापासनं... थांबा. थांबा जरा. फोन वाजलालाय का बोललालाय? गप बसा.

हां, आई, बोल... आली? सगळी? ती मागची लंगडी बी? ... मी वायरीच्या गोष्टीला आलो तवाच वळली? ... आन् नागव्वा? कवाच दारात? मग मगाशीच सांगायचं की, मी हितं वरडलालोय न्हवं! ... काय? आप्पा बास म्हणंना? खुणा करून स्पीकर वाढवायला लावलालाय? अजून हसलालाय? ... बरं. हसू दे. त्येला पाणी दे. आई... आई, एक सांग. आवाज कसा आला आज? ... वारं हुतं का मदी? जरासं बी?

बरं. ठिव.

न्हवतं म्हणती. निस्ता मी. साफ.

लावा. लावा आता पंखा.